नृसिंहवाडीचा सोहळा आणि दूरचा भाविक

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीत दत्तमंदिराचा दिवस ठरलेल्या क्रमाने चालतो. पहाटे काकड आरती, सकाळी पंचामृत अभिषेक, दुपारी महापूजा, तिसऱ्या प्रहरी पवमान पठण, रात्री पालखी आणि शेवटी शेजारती. हा क्रम वाडीला येणाऱ्या प्रत्येक घराला तोंडपाठ असतो. पुण्या-मुंबईत राहणारा वाडीकरांचा यजमानही रात्री घड्याळ पाहून ‘आता पालखी निघाली असेल’ असे म्हणतो. एखाद्या संस्थेचा कार्यक्रम दूरच्या माणसापर्यंत थेट पोचवायचा, तर पहिली गरज कॅमेऱ्याची नसते. कधी काय होणार आणि ते कोण करणार, हे आधी पक्के असावे लागते. वाडीत ते कित्येक पिढ्यांपूर्वीच पक्के झाले होते. थेट प्रक्षेपणाची कला इथे कशी रुजली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

शिरोळ तालुक्यातील या गावाचे जुने नाव अमरापूर. नृसिंह सरस्वतींनी येथे औदुंबरातळी बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला जाताना मनोहर पादुका मागे ठेवल्या, अशी परंपरा आहे. त्यांच्या प्रस्थानाची तिथी म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. ती वाडीत गुरुद्वादशी म्हणून पाळली जाते. पादुकांच्या पूजेचा अधिकार भैरंभट या पुजाऱ्याच्या वंशाकडे आला आणि पुजारी घराण्यांनी सेवा आपसांत वाटून घेतली. मंदिराला शिखर नाही. हे मंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले, ही आख्यायिका सगळ्या दत्तभक्तांना ठाऊक आहे. पालखीपुढे म्हणायची पदे ठरलेली असतात. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींची (१८५४–१९१४) करुणात्रिपदी त्यांतलीच. कोणते पद कुठे म्हणायचे हेही परंपरेने ठरलेले असते. ज्या सोहळ्यात प्रत्येकाला आपली जागा माहीत असते, तिथे सूत्रसंचालकावाचून काही अडत नाही.

दूरच्या भाविकाला या दिनक्रमात सामील करून घेण्याची रीतही जुनी आहे. पूर्वी ती टपालावर चालत असे. १८८० मध्ये देशात मनिऑर्डर सुरू झाली. त्यानंतर तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांना गावोगावच्या यजमानांकडून अभिषेकाचे पैसे येऊ लागले. कूपनवरच्या चार ओळींत नाव, गोत्र, तिथी आणि संकल्पाचे कारण लिहिलेले असे. ठरल्या तिथीला पूजा होई आणि पाकिटातून अंगारा-प्रसाद परत जाई. यजमान प्रत्यक्ष हजर नसे, पण संकल्पात त्याचे नाव उच्चारले जाई. त्या वेळी तो आपल्या घरी देवासमोर बसलेला असे. वेळ एक आणि ठिकाणे दोन, ही व्यवस्था तेव्हापासूनची. ही जुनी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी यूपीआय आले आणि कूपनावरचा मजकूर फोनच्या पडद्यावर भरला जाऊ लागला.

आवाज दूरवर पोचवण्याचे काम आकाशवाणीने केले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. दर आठवड्याला एक, अशी छप्पन गीते झाली. त्या काळच्या आठवणींत रेडिओला हार घालणारी, उदबत्ती लावणारी घरे भेटतात. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि कृष्णाकाठाला स्वतःचे केंद्र मिळाले. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामायण आले, तेव्हाही रविवारी सकाळी आंघोळ करून पडद्यासमोर बसणारी माणसे गावोगाव होती. यंत्रासमोर बसूनही माणूस कार्यक्रमाला ‘जातो’, त्यासाठी तयार होतो, हे या काळात दिसून आले. आजच्या संस्थांना प्रेक्षक टिकवण्याची चिंता असते. त्यांनी या दोन मालिकांचा इतिहास जरूर वाचावा. ठरलेली वेळ पाळली गेली, म्हणून लोक थांबले.

मात्र वाडीचा सर्वांत मोठा सोहळा कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही. तो म्हणजे दक्षिणद्वार. पावसाळ्यात कृष्णेची पातळी वाढली की पाणी मंदिराच्या उत्तर बाजूने आत शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. त्या दारातील पाण्यात स्नान करण्यासाठी हजारो माणसे धाव घेतात. पाणी चढत असताना होतो तो चढता दक्षिणद्वार आणि ओसरताना होतो तो उतरता. पातळी आणखी वाढली की दारातले स्नान थांबवावे लागते, म्हणून मिळणारा अवधी काही तासांचाच असतो. एखाद्या वर्षी सोहळा अनेकदा घडतो, एखाद्या वर्षी वाट पाहायला लावतो. तो भर मध्यरात्री किंवा पहाटेही येतो.

याची तारीख पंचांगात मिळत नाही. ती धरणक्षेत्रातल्या पावसावरून काढावी लागते. कोयनेतून विसर्ग वाढला की ते पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वारणेचे पाणी सांगलीजवळ हरिपूरला येते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडू लागले की पंचगंगा फुगते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे आणि तिथून ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकते. संगमावर बसलेला वाडीकर हे आकडे सकाळ-संध्याकाळ पाहतो आणि ‘आज रात्री होईल’ असा अंदाज बांधतो. मुंबईच्या भाविकाला पूर्वी ही बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळे. पुढे दूरध्वनी आला, तरी निरोप मिळून निघेपर्यंत पाणी चढलेले किंवा उतरलेले असे. आधी निमंत्रण देता येत नाही अशा कार्यक्रमाला थेट प्रक्षेपणाइतके उपयोगी दुसरे काही नाही. वाडीत त्याची खरी गरज दक्षिणद्वाराने निर्माण केली, असे म्हटले पाहिजे.

तंत्र आले ते २०१६ च्या सुमारास. त्या वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय सर्वांना खुली केली. ऑगस्टमध्ये गुरू कन्या राशीत गेला आणि वाडीत बारा वर्षांनी कन्यागत महापर्वकाळ सुरू झाला. या काळात गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. श्रींची पालखी शुक्लतीर्थावर स्नानासाठी नेली जाते. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त डेटा खेडोपाडी पोचला. महापर्वाची सुरुवात आणि ही घटना यांत महिनाभराचेही अंतर नव्हते. कन्यागताच्या पहिल्या पर्वणीला घाटावर असलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये थेट चित्र पाठवण्याएवढा डेटा नव्हता. पुढच्या पावसाळ्यांत तो असणार होता.

मग टाळेबंदी आली. १७ मार्च २०२० ला पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दर्शनासाठी बंद झाले. पाठोपाठ राज्यभरची मंदिरे बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. त्या वर्षीची आषाढी १ जुलैला होती. पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि भाविकांनी सोहळा पडद्यावर पाहिला. वाडीची गुरुद्वादशी १२ नोव्हेंबरला, म्हणजे मंदिरे उघडण्याच्या चार दिवस आधी आली. नृसिंह सरस्वतींच्या प्रस्थानाचा हा दिवस वाडीच्या वर्षातला सर्वांत हळवा दिवस, आणि त्या वर्षी तो भाविकांविना गेला. पुढे २०२१ च्या एप्रिलपासून ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत पुन्हा दारे बंद होती. दोन पावसाळे बंद दारांमागे गेले. नित्यपूजा मात्र एक दिवसही चुकवता येत नव्हती. पुजारी आत आणि भाविक बाहेर, या अवस्थेत फोनवरचे दर्शन हा लाखो घरांचा एकमेव आधार होता.

त्याच काळात कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारचे ऑनलाइन कार्यक्रमही झाले. साखर कारखाने, दूध संघ, बँका आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभा पडद्यावर घ्याव्या लागल्या. या जिल्ह्यात वार्षिक सभा म्हणजे मांडव, झुंबड, ‘मंजूर, मंजूर’चा घोष आणि विरोधकांचे समांतर भाषण. पडद्यावर त्यातले फारसे उरले नाही. अहवाल वाचला गेला, विषय मंजूर झाले, पण प्रश्न विचारू पाहणारा सभासद आवाज बंद केलेल्या चौकटीत राहिला. मंदिराचे प्रक्षेपण टिकले आणि सभेचे मागे पडले, याचे कारण तंत्रात नाही. दर्शनाला येणारा बघायला आणि ऐकायला येतो, सभासद बोलायला येतो. बोलायला येणाऱ्याची सोय ज्या संस्थेने आधी लावली नाही, तिची सभा नावापुरतीच झाली. कार्यक्रम ठरवताना आपला माणूस कशासाठी येतो, एवढा एक प्रश्न आधी सोडवला तर पुढचे पुष्कळ सोपे होते.

वाडीसारख्या ठिकाणी चांगले प्रक्षेपण उभे करायचे तर काही गोष्टी अनुभवानेच कळतात. यूट्यूबवर नव्या वाहिनीला थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात. दक्षिणद्वाराच्या रात्री ती मागून उपयोग नाही, ती आषाढापूर्वीच घेऊन ठेवावी लागते. सलग प्रक्षेपण १२ तासांपेक्षा लांबले तर त्याची नोंद आपोआप साठवली जात नाही. दत्तजयंतीला काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा दिवस त्याहून मोठा होतो. तो दोन-तीन भागांत तोडावा लागतो आणि तोड कुठे घ्यायची हे पूजेच्या क्रमावरून ठरवावे लागते. सायंकाळचा जन्मकाळ मधोमध तुटला, तर बाकी सगळे नीट होऊनही फायदा नाही. घाटावर ध्वनिक्षेपकातून कुणी चित्रपटगीताच्या चालीवरचे किंवा ध्वनिमुद्रित भजन लावले, तर स्वामित्वहक्काच्या दाव्याने प्रक्षेपणाचा आवाज बंद पडू शकतो. पुजाऱ्यांच्या तोंडून म्हटल्या जाणाऱ्या पदांना हा धोका फारसा नाही. आवाजाची जागा चित्राच्या वरची आहे. चित्र अडखळले तरी पाहणारा थांबतो, पण पवमानाचा स्वर फाटला की तो निघून जातो. म्हणून पहिला खर्च चांगल्या मायक्रोफोनवर आणि विजेच्या पर्यायी सोयीवर करावा, कॅमेऱ्यावर नंतर.

घरी बसलेल्यांच्या वेळेचाही विचार करावा लागतो. वाडीत संध्याकाळी पाच वाजता जन्मकाळ होतो, तेव्हा डिसेंबरात लंडनमध्ये सकाळचे साडेअकरा आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिथल्या मराठी घरात पाळणा सजवून, सुंठवडा करून लोक पडद्यासमोर उभे राहतात. प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असते, कधी अर्धा मिनिटही. फुले उधळायला एवढा उशीर चालतो. संवाद साधायचा असेल तर हे अंतर आधी सांगून ठेवावे लागते.

काय दाखवू नये, हाही नियोजनाचाच भाग आहे. दक्षिणद्वारात बायका-मुले ओल्या कपड्यांत स्नान करत असतात. त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते. कॅमेरा पाण्यावर, दारावर आणि पादुकांच्या दिशेने असावा, माणसांवर नसावा. ही मर्यादा पाळणारे प्रक्षेपण थोडे कमी रंगतदार होईल, पण तेच योग्य आहे. पडद्यावर तारीख आणि वेळ सतत दिसली पाहिजे. मागच्या वर्षीचे चित्रीकरण ‘आत्ताचे’ म्हणून फिरले तर माणसे रात्री गाड्या काढून पुराच्या रस्त्याला लागतात. देणगीसाठी दाखवलेले क्यूआर चिन्ह संस्थानाच्याच खात्याचे असल्याची खात्री पाहणाऱ्याला पडद्यावरच पटली पाहिजे.

नदीपुढे या सगळ्याची मर्यादा उघड होते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्याला वेढले. पाणी वाढले की श्रींची उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात. तेथेही पाणी आले की ती टेंबे स्वामींच्या मठात हलवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरले. महापुरात वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात आणि जगाला वाडी पाहायची असते नेमक्या त्याच वेळी तिथून चित्र येत नाही. पूजा मात्र मूर्ती असेल तिथे होते. अशा वेळी संस्थेने दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दोन ओळींचा खरा निरोप दिला तरी लाखो लोकांचा जीव भांड्यात पडतो.

बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घरी न्यायला वाडीलाच यावे लागते. संगमावरचे स्नानही पडद्यातून मिळत नाही. तरी पुढचा कन्यागत महापर्वकाळ २०२८ मध्ये आहे, आणि स्वस्त डेटा घरोघरी पोचल्यानंतरचे ते पहिले महापर्व असेल. त्याच्या नियोजनाच्या पहिल्या बैठकीत घाट, पाणी, वाहनतळ आणि अन्नछत्र यांच्याबरोबरच प्रक्षेपणाचाही विषय घेतला जावा.