जुन्या खिडकीचा धनी कोण?

धुळ्याच्या जुन्या पेठेतून चालताना दुकानांच्या पाट्यांवरून नजर थोडी वर न्यावी लागते. खाली शटर आणि विजेच्या तारांचे जाळे. वर मात्र एखाद्या माडीला सागवानी चौकट अजून जागच्या जागी असते. तिच्यात उभे लाकडी गज, दोन झडपा, माथ्यावर वेलबुट्टी. शेजारच्या घराला त्याच उंचीवर ॲल्युमिनियमची सरकती काच बसविलेली दिसते. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. बहुधा पणजोबाही एकच. या दोन खिडक्यांत हातभराचे अंतर असले, तरी त्यात खानदेशाचा दोनशे वर्षांचा इतिहास मावतो.

इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा खानदेश उजाड झाला होता. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरी धामधूम आणि पेंढाऱ्यांची लुटालूट यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. नव्या सत्तेचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे ठरविले, आखीव रस्त्यांची पेठ वसविली आणि बऱ्हाणपूर व इतर ठिकाणच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना तेथे येण्याचे निमंत्रण दिले. येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने मिळाली आणि पक्की घरे बांधण्यासाठी सरकारातून आगाऊ रक्कमही देण्यात आली. रस्ता सरळ ठेवण्याचा नियम होता आणि त्या रस्त्यावर घर उभे करण्यासाठी मदतही होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

जळगावची घडण निराळी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेही आली. जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावला व पश्चिमेचे धुळ्याला राहिले.

या मुलखातले जुने घर उन्हाशी करार करून बांधलेले असे. जाड मातीच्या वा विटांच्या भिंती, वर धाबे, आणि रस्त्याच्या बाजूस मोजक्याच खिडक्या. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा झडपा दिवसा लोटून घ्यावयाच्या आणि रात्री सताड उघडावयाच्या. भिंत दिवसभर ऊन पिते, रात्रीचा वारा ते घराबाहेर काढतो. गजांमुळे झडप उघडी ठेवूनही निर्धास्त झोपता येते. खिडकी लहान ठेवण्यात गरिबी नव्हती आणि अडाणीपणाही नव्हता. पिढ्यानपिढ्यांचा तो हिशेब होता.

हा हिशेब आम्हांस उशिरा कळला, हे कबूल केले पाहिजे. आमच्या वडिलोपार्जित घराच्या माडीवरील खिडकीचे खालचे लाकूड कुजले, तेव्हा आम्ही सगळी चौकटच उपटून सरकती काच बसविली. जुनी चौकट भंगारात गेली. मिळालेल्या पैशांत बिजागऱ्यासुद्धा नव्या आल्या नसत्या. त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती खोली दुपारी वापरता येईना. कारण साधे आहे. सरकत्या खिडकीची एक बाजू नेहमीच दुसऱ्या काचेने झाकलेली राहते, म्हणजे भिंतीत ठेवलेल्या भोकापैकी निम्म्यातूनच वारा येतो. काच ऊन आत घेते. शिवाय ॲल्युमिनियममधून उष्णता सागाच्या हजारपटीहून अधिक सहजतेने वाहते. कुजले होते हातभर लाकूड. तेवढेच कापून नवा साग सांध्याने जोडता आला असता. पण तसे सांगणारा सुतार आम्ही शोधला नाही, आणि कोणी आम्हांस शोधावयास लावलेही नाही.

येथे नियमांचा प्रश्न येतो. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा-जतनाची नियमावली लागू झाली. देशातील अशा प्रकारची ती पहिली मानली जाते. तिच्यात सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यांची यादी असून तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत वास्तू टिकविण्यासाठी आवश्यक तेवढाच बदल करता येतो. दुसरीत आतील फेरफार तपासणीनंतर करता येतात. तिसरीत आतबाहेर बदलांना मुभा असली, तरी परिसराचे रूप बिघडता कामा नये. २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक शहरांसाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातही वारसा-जतनाची कलमे आहेत. केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीने शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई व त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण ठेवले; या क्षेत्रात घराच्या डागडुजीसाठीही परवानगी घ्यावी लागते.

हे नियम आवश्यक आहेत. परंतु त्यांच्या दोन मर्यादा आहेत. एक, यादीत नाव असेल तरच घर वारसा ठरते. राजवाडा, किल्ला, देऊळ यादीत सहज शिरते. कापूस-व्यापाऱ्याची माडी किंवा रेल्वे-फिटरचे घर क्वचितच. दुसरी, नियम मालकाला काय करू नये ते सांगतो. जे करावयाचे त्याचा खर्च कोणी द्यावा, याविषयी तो बहुधा गप्प असतो. भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची सोय आहे खरी, परंतु तिचा उपयोग मोठ्या भूखंडाच्या मालकाला होतो. एका कुजलेल्या चौकटीसाठी सागाच्या दोन फळ्या हव्या असलेल्या विधवेला त्या हक्काचे काय करावयाचे?

त्यातच मालकी वाटली गेलेली असते. वाडा एक, भाऊबंद पाच. एकाला खिडकी जतन करावयाची असते, दुसऱ्याला तेथे दुकान काढावयाचे असते, तिसरा पुण्यात असतो. भाडेकरू राहत असेल, तर नाममात्र भाड्यातून मालक दुरुस्ती करीत नाही आणि परक्याच्या घरावर भाडेकरू खर्च करीत नाही. खिडकी सर्वांची असते, म्हणून कोणाचीच राहत नाही.

आपल्या समाजाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. गिरगावातील खोताची वाडी ही ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांची वस्ती. बाहेरून जाणारे लाकडी जिने, सज्जे आणि पट्ट्यांच्या झडपांच्या खिडक्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. एके काळी तेथे पासष्टच्या आसपास घरे होती. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. तिच्याविषयी किती लिहिले गेले, किती छायाचित्रे निघाली! तरीही जमिनीचा भाव त्या जिव्हाळ्याला पुरून उरला.

याउलट आमच्याच जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे एक घर पाहावे. छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या या घरात सुमारे अर्धे शतक जवळजवळ बाहेर न पडता काढले. वचन देऊन गेलेली प्रेयसी पंजाब मेलने येईल, म्हणून ते रोज त्या गाडीच्या वेळी दारे-खिडक्या उघडीत, असे चाळीसगावकर सांगतात. दंतकथेचा भाग सोडला, तरी ते घर आज संग्रहालय म्हणून उभे आहे. कारण त्या घराशी ज्यांचे नाते होते, त्यांनी ते सांभाळण्याचे काम आपले मानले.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात मंदिरातील मौल्यवान वस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, असे बजावले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने मंदिराच्या बांधकामात व दुरुस्तीत जाणकारांचा सल्ला घ्यावयास सांगितले. पण ही काळजी वेदीपाशीच थांबावी काय? नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे त्यात येतात. येथील धर्मग्रामांत, विशेषतः भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी, जुनी घरे व मिशनच्या इमारती आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने एक वही ठेवावी: कोणत्या घराला कोणती जुनी खिडकी आहे, तिची मापे, तिचे छायाचित्र. जुनी कामे जाणणाऱ्या सुतारांची नावे त्यात असावीत. वर्षाकाठी एक-दोन गरजू घरांना सागाचा आणि जवसाच्या तेलाचा खर्च देता येईल एवढा लहानसा निधी असावा. ब्रिग्जच्या काळी सरकारने नियमाबरोबर मदत दिली, म्हणून पेठ उभी राहिली. ती मदत आज सरकारकडून मिळेतो शेजाऱ्यांनी द्यावयास हरकत नसावी.

दानीएलच्या पुस्तकात एका खिडकीचा उल्लेख आहे. राजा दारयावेशाच्या मनाईहुकुमावर सही झाल्याचे कळूनही दानीएल घरी गेला आणि यरुशलेमच्या दिशेला उघडणाऱ्या माडीच्या खिडक्यांशी नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा प्रार्थनेला बसला. हुकूम त्या खिडक्या बंद करू शकला नाही, कारण त्यांच्याशी रोज येऊन बसणारा माणूस घरात होता. हुकुमाने खिडकी उघडीही राहत नाही, हे आम्ही आमच्या माडीवर पाहिले. आता तेथून ती काच काढावयाची आहे. जुन्या मापाची चौकट करून देईल असा सुतार आम्ही शोधीत आहोत; तो सापडला, की वहीत पहिले नाव त्याचे लिहू.