बंदूक आणि कॅमेरा

सोनपेठच्या परिसरात, गोदावरीच्या काठी, एखादा हौशी गृहस्थ उडत्या बगळ्याचे छायाचित्र टिपतो, तेव्हा त्याला क्षणाचा सहस्रांशही पुरतो. हा छंद इतका सोपा झाला, तो मात्र पुष्कळ उशिरा. सोनपेठ १९४८ पर्यंत ज्या निजामी मुलखात मोडत असे, त्याच मुलखातील अजिंठ्याच्या रानात या कलेचे बालपण पाहावयास मिळते. आणि तेथील चित्रांतले प्राणी बहुधा मेलेले आहेत.

मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास कंपनी सरकारने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमले. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु मधल्या काळात त्याला कॅमेऱ्याचा नाद लागला होता. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या शंभर जोडचित्रांचा ग्रंथ निघाला. त्यात लेण्यांच्या शेजारीच रानातील जनावरे आहेत. गिल पट्टीचा शिकारी होता. आधी बंदूक, मग कॅमेरा, असा त्याचा क्रम!

तथापि सगळा दोष त्याच्या शिकारीच्या षौकाला देणे न्यायाचे होणार नाही. त्या काळी काच काळोखात औषधाने माखावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी पुन्हा काळोखात धुऊन काढावयाची, अशी रीत होती. म्हणजे रानात निघावयाचे तर काळोखी खोलीही तंबूच्या रूपाने बरोबर न्यावयाची. शिवाय काचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ निश्चल उभे राहील ते हरिण कसले? लेणी स्थिर राहत, माणसांना स्थिर बसविता येई. १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या छायाचित्रण मंडळाचे सभासद डॉ. नारायण दाजी यांनी माणसांची चित्रे काढली, त्यात नवल नाही.

१८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची युक्ती सुचविली, १८८८ साली कोडॅकचा गुंडाळीचा कॅमेरा आला, आणि तंबू घरी राहिला. पुढे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी चॅम्पियन याने रानवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागताच उजेड पडे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढून घेई. त्याचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. एवढे होऊनही बंदूक लगेच मागे पडली नाही. सलीम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा नमुने बंदुकीनेच गोळा करावे लागले. पक्ष्याची शास्त्रीय ओळख पटविण्यास त्याचे कातडे हाती असणे अवश्य मानले जाई. शिकारीला खरी बंदी आणली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने.

कॅमेरा तेवढा निरुपद्रवी, असे मात्र कोणी समजू नये. टिटवी आपली अंडी उघड्या जमिनीवर, खडीगोट्यांत घालते. उन्हाळ्यात ती पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांवर सावली धरते. छायाचित्रकार समोर ठाण मांडून बसला, तर ती ओरडत घिरट्या घालते, पण जवळ येत नाही. आणि मराठवाड्याच्या उन्हात अंडी तापत राहतात.