कोर्मा, कर्म आणि कोटी

कोटी म्हणजे काय, हे मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांच्या नाटकांवर पोसलेला आपला समाज आहे; एखादा शब्द दोन घरी जेवताना दिसला की आपण त्याला नेमका पकडतो. 1925 साली अत्र्यांची 'झेंडूची फुले' प्रसिद्ध झाली, तेव्हा भारदस्त कवितेचा साचा तसाच ठेवून आत भलताच माल भरला म्हणजे काय धमाल होते, हेही महाराष्ट्राने पाहिले. आज ज्या कोट्यांविषयी बोलावयाचे आहे त्यांचे कुळ हेच. गाव मात्र निराळे. त्या इंग्लंडात जन्मल्या, इंग्रजीत जन्मल्या, आणि त्यांत भरलेला माल आपल्या बाजूच्या चुलीवरचा आहे.

खेळ अगदी साधा आहे. लोकांच्या तोंडी बसलेले एखादे गाणे घ्यावयाचे, त्याच्या नावातला एक शब्द उचलावयाचा आणि त्या जागी हिंदुस्थानी जेवणातला पदार्थ बसवावयाचा. बीटल्स मंडळींचे 'पेपरबॅक रायटर' हे 1966 चे गाणे. त्याचे 'पेपरबॅक रायता' होते. एल्व्हिस प्रिस्लेच्या 1956 च्या 'लव्ह मी टेंडर'चे 'लव्ह मी तंदूर' होते. ॲबा या स्वीडिश संचाचे 'टेक अ चान्स ऑन मी' 1978 साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होते; त्याचे झाले 'टिक्का चान्स ऑन मी'. मॅडोनाबाईंनी 1986 मध्ये 'पापा डोन्ट प्रीच' म्हणून बापाला विनवले, तर लोकांनी 'पापडम प्रीच' करून पापडालाच प्रवचनाला बसवले. ह्या कोट्यांना एक कर्ता नाही. आपल्या उखाण्यांप्रमाणे त्या तोंडोतोंडी फिरतात. पबमधल्या टेबलावर, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत. बी.बी.सी.च्या नभोवाणीवर 1972 पासून सुरू झालेल्या 'आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' ह्या कार्यक्रमात तर एखादा धंदा घेऊन त्या धंद्यातल्या माणसांना शोभतील अशी गाण्यांची नि चित्रपटांची नावे रचण्याचा डाव चांगल्या चांगल्या विनोदी नटांकडून खेळवून घेतला जातो.

पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. परंतु पोरखेळातही इतिहास सापडतो, तो शोधावयाचा असेल तर आधी कान लावला पाहिजे. 'रायटर' आणि 'रायता' ह्यांची गाठ लंडनमध्येच का पडते? कारण तिथला माणूस शब्दाच्या अखेरचा र गिळतो. त्याच्या तोंडी लेखक हा 'राइटा'च असतो. अमेरिकेत तो र खणखणीत वाजतो, तेव्हा तिथे ही कोटी लंगडी पडते. म्हणजे गाणे कुठलेही असो, कोटीवर जन्मगावाचा शिक्का आहे. तिला हवा असतो ब्रिटिश कान, आणि त्या कानाला रायता ठाऊक असावा लागतो.

ह्यातली मला सर्वांत आवडणारी कोटी 'कोर्मा कमीलियन' ही आहे. कल्चर क्लब ह्या संचाचे 'कर्मा कमीलियन' 1983 साली गाजले. त्यातले कर्म आपले, गीतेतले. एकोणिसाव्या शतकात थिऑसॉफीवाल्यांनी ते पश्चिमेच्या दिवाणखान्यांत नेले आणि पुढे ते तिथल्या तरुणांच्या तोंडी इतके रुळले की गाण्याच्या नावात जाऊन बसले. कोर्मा हा तुर्की मुळाचा शब्द. फारसी-उर्दूच्या वाटेने तो मोगली मुदपाकखान्यात आला. संस्कृतातले कर्म आणि तुर्कांचा कोर्मा हिंदुस्थानात शतकानुशतके शेजारी नांदले, पण त्यांची अदलाबदल करावी असे इथे कोणाला सुचले नाही, कारण आपल्या कानाला ते एक वाटत नाहीत. लंडनच्या कानाला त्यांच्यात एका स्वराचाच फरक. दोन्ही शब्द तिथे परके, आणि दोन्ही घरचे झालेले.

आणि इथेच मुद्दा आहे. कोटीला तळटीप चालत नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द आधीच ठाऊक असावे लागतात, नुसते ठाऊक नव्हे, विचार न करता आठवावे लागतात. 'टिक्का' म्हणजे काय हे विचारावे लागले की हशा मेला. तेव्हा अशी कोटी जिथे सहज हसू आणते तिथे तो पदार्थ वस्तीला आला, भाडेकरू राहिला नाही, असे खुशाल समजावे. उत्खननात नाणे सापडले म्हणजे त्या थराचा काळ ठरतो, तद्वत.

ह्या थरापर्यंत यावयाला फार वर्षे लागली. हॅना ग्लास ह्या बाईने 1747 साली छापलेल्या पाकशास्त्रात करीची कृती आहे. म्हणजे प्लासीच्या लढाईआधी दहा वर्षे करी इंग्रजी पुस्तकात पोचली होती. 1810 साली पाटण्याकडचा शेख दीन महंमद ह्या गृहस्थाने लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. बांबूच्या खुर्च्या, हुक्के, सगळा थाट केला. पण दोन वर्षांत त्याचे दिवाळे निघाले. मग त्याने ब्रायटनला जाऊन स्नानगृह काढले आणि गोऱ्या लोकांच्या अंगाला चंपी करून नाव मिळवले. त्या चंपीचाच इंग्रजीत 'शांपू' झाला. त्या वेळी इंग्रजांना आपले हात अंगाला चालले, पैसे मोजून खाण्याजोगे जेवण नाही चालले. 1926 साली रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' निघाले, ते मुख्यतः हिंदुस्थानात साहेबी करून परतलेल्यांच्या आठवणींवर. ह्या दोन्ही ठिकाणांतून कोट्या निघणे शक्य नव्हते. कोटी सामान्य माणसाच्या तोंडी जन्मते, आणि सामान्य माणूस तिथे जात नव्हता.

त्याच्यापर्यंत करी नेली ती बोटीवरच्या खलाशांनी. ही हकीकत आमच्या चळवळीत जेवढी सांगितली जावयास हवी होती तेवढी सांगितली गेली नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर हिंदी खलाशी असत, त्यांना लस्कर म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीच्या खाड्यांकाठची मुसलमान मंडळी असत, खानपान विभागात गोवेकर असत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखान्यात सिल्हेट जिल्ह्यातले शेतकरी. आगवाला, तेलवाला, कोळसावाला अशीच त्यांच्या हुद्द्यांची नावे. भट्टीपुढच्या त्या उष्म्यात कोळसा ओढावयाचा आणि गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा घ्यावयाचा. 1939 साली महायुद्ध सुरू होताच ह्या लोकांनी बंदराबंदरांतून संप केले, कित्येक तुरुंगात गेले, आणि पगारवाढ मिळवली. त्या युद्धात सहा हजारांवर हिंदी खलाशी समुद्रात आणि बंदीवासात मेले. कलकत्त्यात खलाशांची संघटना बांधणारे आफताब अली हे स्वतः सिल्हेटचे. खलाशांचे पगार आणि पुढे त्यांचे पासपोर्ट ह्यासाठी त्यांनी जन्म वेचला.

ह्यांपैकी जे बोट सोडून लंडनच्या पूर्व भागात उतरले त्यांनी चहाची दुकाने काढली. कमर्शियल स्ट्रीटवरचे अयुब अली ह्यांचे 'शाहजलाल कॉफी हाउस' म्हणजे खलाशांचा अड्डाच होता. पत्रे वाचून दाखवणे, अर्ज लिहिणे, पैसे घरी धाडणे, सारे तिथे चाले. 1943 साली ह्याच मंडळींनी हिंदी खलाशांच्या कल्याणासाठी तिथे एक संस्थाही काढली. युद्धानंतर बाँबने मोडकळलेली मासळी-बटाट्याची दुकाने स्वस्तात मिळाली. ती ह्यांनी घेतली, जुने गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मासळी आणि तळलेला बटाटा चालूच ठेवला आणि बाजूला भात-करी मांडली. रात्री अकराच्या सुमारास पब बंद होत. ही दुकाने उघडी असत. झोकांड्या खात येणाऱ्या इंग्रज कामगाराने प्रथम बटाट्यावर करीचा रस्सा ओतून घेतला, मग भातावर. 'हिंदी उपाहारगृह' म्हणून जे देशभर पसरले ते असे. त्याचे मालक आणि आचारी बहुतांश सिल्हेटी. सिल्हेट 1947 साली पाकिस्तानात गेले, 1971 साली बांगलादेशात आले. एकाच आचाऱ्याच्या हयातीत त्याचा देश दोनदा बदलला, दुकानाच्या पाटीवरचे 'इंडियन' मात्र बदलले नाही. ही तर पाटीवरचीच कोटी म्हणावयाची!

कोटीची सवय लागलेल्या भाषेत पदार्थांची काय गत होते, ह्याची दोन उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत. पहिले विंदालूचे. मूळ पोर्तुगीज शब्द 'विन्या द आल्यूश', म्हणजे द्राक्षाची दारू आणि लसूण. गोव्यात दारूच्या जागी माडाचा शिर्का आला, मिरची आली, आणि डुकराच्या मांसाचे ते आंबट-तिखट झाले. गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्यांना कुठल्याही मांसाचा विटाळ नसे, म्हणून साहेबांच्या घरी त्यांना मागणी. त्यांच्या हातून विंदालू इंग्रजांकडे गेले. इंग्लंडातल्या आचाऱ्याने शेवटचे 'आलू' ऐकले आणि त्यात बटाटा टाकला. न हसता केलेली ही कोटी आता पाककृती होऊन बसली आहे. मराठी माणसाच्या हातून ही चूक व्हावयाची नाही. आपल्याला बटाटा पोर्तुगीजांनीच दिला, तो शब्दासकट.

दुसरे धनसाकचे. मुंबईकरांना हे सांगणे नको की पारशी घरात मृत्यूनंतर तीन दिवस मांस वर्ज्य असते आणि चौथ्या दिवशी धनसाक शिजते. म्हणून सणासमारंभाला ते कोणी करीत नाही. इंग्लंडात त्यात अननस पडला, ते गोडसर झाले आणि ॲबाच्या 1976 च्या 'डान्सिंग क्वीन'ला चिकटून 'धनसाक क्वीन' झाले. सुतक फिटण्याच्या जेवणाला नाचाच्या राणीचा मुकुट! कोटी करणाऱ्याचा ह्यात अपराध नाही, त्याला ठाऊकच नव्हते. पण शब्द रुळतो तेव्हा किती गोष्टी वाटेत गळून पडतात, ते ह्यावरून दिसते. बर्मिंगहॅममध्ये 1970 नंतर निघालेल्या 'बाल्टी'चीही तीच तऱ्हा. तिचे नाव बाल्टीवरूनच पडले असेल तर पोर्तुगीज 'बाल्द'पासून हिंदीत बाल्टी नि मराठीत बादली झाली, आणि तीत आपण आजवर पाणीच भरत आलो.

आता कडू भाग. 'टेक अ चान्स ऑन मी' गाजले त्याच 1978 साली, 4 मे रोजी संध्याकाळी, अल्ताब अली नावाचा पंचविशीतला बंगाली शिवणकामगार काम आटोपून घरी जात असता पूर्व लंडनमध्ये त्याचा खून झाला. वंशद्वेषाखेरीज त्याला दुसरे कारण नव्हते. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याची शवपेटी पुढे ठेवून हाइड पार्कवर आणि पंतप्रधानांच्या दारी चालत गेले. ज्या काळात टिक्का इंग्रजाच्या जिभेवर घरचा होत होता त्याच काळात टिक्का भाजणाऱ्याच्या दुकानाच्या काचा फुटत होत्या, आणि 'करी' हा शब्द त्याच्या अंगाच्या वासावरून शिवी म्हणूनही फेकला जात होता. मध्यरात्री दारूच्या तारेत येऊन सर्वांत जहाल विंदालू मागवावयाचे, पैजेवर खावयाचे आणि वाढप्याची टिंगल करावयाची, ही मर्दुमकी समजली जाई. दुपारपासून उभा असलेला तो वाढपी त्यांच्या टेबलावर नॅपकिन टाकीत असे.

वीस वर्षांनी, 1998 साली, तीन गोष्टी एकदम घडल्या. फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेसाठी 'फॅट लेस' ह्या संचाने इंग्लंडच्या पाठीराख्यांचे गाणे काढले, त्याचे नावच 'विंदालू'. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. कोटी करावयाला आता गाण्याचे नाव बदलण्याचीही गरज राहिली नाही, पदार्थच गाणे झाला. त्याच वर्षी 'गुडनेस ग्रेशस मी' ही हिंदी वंशाच्या नटांची मालिका नभोवाणीवरून दूरचित्रवाणीवर आली. तिचे नाव पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेन ह्यांच्या 1960 च्या गाण्याचे; त्यात सेलर्स हिंदी डॉक्टरची नक्कल करतो. नकलेचे ते नाव ह्या मुलांनी उचलले आणि एक प्रसंग रचला: मुंबईतली झिंगलेली हिंदी टोळी रात्री 'इंग्लिश' खावयास जाते आणि गोऱ्या वाढप्याला सर्वांत अळणी पदार्थ आणावयास सांगते. हसणारे इंग्रजही होते. आणि तिसरे, अल्ताब अली जिथे पडला त्याच्याजवळच्या बागेला त्याचे नाव देण्यात आले. 2001 साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक ह्यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. त्यावर टाळ्याही पडल्या आणि टीकाही झाली. त्यात आचाऱ्याच्या पाळीचे तास किती, हा प्रश्न कोणी काढला नाही.

ह्या स्वयंपाकघरांतले एक जेवण मात्र भोजनपत्रिकेत लिहिलेले नसे. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर, खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून, आचारी आणि वाढपी स्वतःसाठी मासळीचा पातळ रस्सा करीत. त्यात सातकरा नावाच्या सिल्हेटी लिंबाची साल टाकीत. कडवट, तीव्र वासाची. मागच्या दाराशी बसून ते भात कालवीत. कोर्म्यावर, टिक्क्यावर, पापडावर, रायत्यावर कोट्या झाल्या. सातकऱ्यावर झालेली एकही कोटी मी ऐकलेली नाही.