सरस, सुलेशन आणि क्यूची मूठ

आपल्याकडे इतिहास लिहिला गेला तो तलवारीचा, तख्ताचा आणि ताम्रपटाचा. जोडणाऱ्याचा, चिकटवणाऱ्याचा इतिहास कुणी लिहिला नाही. म्हणून मी एका काठीच्या मुठीपासून सुरुवात करतो.

१९७४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. वडील मुंबईत फूटपाथवर चांभारकाम करीत. जवळच्या एका क्लबातला गडी लांबट काठी घेऊन आला. कुणा सभासदाने अमेरिकेहून आणलेली, पूल खेळायची क्यू. तिच्या मुठीवर गुंडाळलेले कातडे पावसाळ्यात सुटले होते. क्यू क्लबाबाहेर आली. वडिलांना मात्र आत बोलावणे आले नाही.

गडी म्हणाला, "आजच पायजे."

वडील म्हणाले, "पाव्हणं, सुलेशन लावून आत्ता देतो. पण जोड वाकडा बसला तर मला बोल लावायचा न्हाई. उद्या न्या, सरळ बसवून देतो."

या दोन वाक्यांत एक शास्त्र होते. सरस लाकडाला घट्ट धरतो, पण हाताचा घाम आणि दमट हवा लागली की मऊ पडतो. पिठाच्या खळीला बुरशी येते. सुलेशन दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यायचे. मग कातडे टेकले की टेकले, केसभरही सरकवता येत नाही. मुठीवर तर कातड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना नेमक्या भिडल्या पाहिजेत. म्हणून वडिलांनी पांढरा फेव्हिकॉल निवडला. आधी मुठीवरचे पॉलिश खरवडले, कारण हा गोंद लाकडात मुरल्याशिवाय धरत नाही. कातडे ओलसर करून ताणले, कडा सरकवून जुळवल्या, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि रात्रभर ठेवले. कातडे सुकताना आकसते व मूठ आणखी घट्ट धरते.

आता सरसाचा इतिहास पाहा. सरस म्हणजे जनावराचे कातडे आणि हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. इजिप्तमधील रेखमिरे या वजिराच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सरसाने लाकूड जोडणारे कारागीर चितारलेले आहेत. तिथे कारागिराला निदान भिंतीवर जागा मिळाली. आपल्याकडे काय मिळाले? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चर्मकार्य धिग्वण नावाच्या संकरजातीला नेमून दिले आहे. कौशल्याचे नाव नाही, शिक्षेची नोंद आहे!

महाराष्ट्रात तर एकाच कातड्यावर तीन जाती बसवल्या गेल्या. महाराने मेलेले ढोर ओढायचे, ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने ते शिवायचे. उरलेल्या तुकड्यांतून सरस निघायचा. तो सरस देवघराच्या चौकटीपर्यंत आणि तंबोऱ्यापर्यंत पोहोचला. हात मात्र वेशीबाहेर राहिले. आणि या तिघांनीही एकमेकांच्या घरचे पाणी नाकारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिलाच श्रेणीबद्ध विषमता म्हटले. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या माणसांना मृतमांस सोडायला सांगितले, तेव्हा या साखळीच्या पहिल्याच कडीवर घाव पडला.

१९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला. सरस तापवण्याचा त्रास आणि त्याची दुर्गंधी सुताराच्या हातून गेली. सुलेशनची कथा निराळी आहे. १९३० नंतर अमेरिकेत निओप्रीन हे कृत्रिम रबर निघाले आणि त्यापासून झटकन धरणारा चिकटपदार्थ बनला. रबरी गोंद पातळ करायला कितीतरी ठिकाणी बेन्झीन वापरले गेले. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सोय या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, बेन्झीनयुक्त गोंद हाताळणाऱ्या चपला-जोडे कामगारांना रक्ताचा कर्करोग होतो. बंद खोलीत, उकिडवे बसून, बोटाने गोंद फासणारा हा माणूस कोण, हे वेगळे सांगायला नको. वडिलांचे डोके रोज संध्याकाळी दुखे. ते म्हणत, "ऊन लागलं." त्यांचे दुकान सावलीत होते.

गोंदाची निवड हा नुसता मजबुतीचा प्रश्न नव्हे. तो कुणाच्या हातांत टिकतो याबरोबर तो कुणाच्या छातीत जातो, हेही विचारले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गडी क्यू घेऊन गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "साहेब खूश झाले. म्हणाले, मशीनवर केल्यासारखी वाटते." वडील हसले. मला हसू आले नाही. इतके नेमके काम माणसाचे, त्यातून चांभाराचे, असू शकते हे त्या साहेबाच्या मनातच आले नव्हते.

वडिलांना लिहिता येत नव्हते. खळीत मोरचूद किती घालायचा, कातडे किती ओले ठेवायचे, हे सारे त्यांच्याबरोबर गेले. थोडे मला आठवते, तेवढे इथे लिहिले. तुमच्या घरात असा कुणी म्हातारा अजून असेल, तर वही घेऊन त्याच्यासमोर बसा. आपला इतिहास दुसरा कुणी लिहिणार नाही.