वस्तीवरची गृहभेट

कोरोनाची दुसरी लाट, एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. एसटी अत्यावश्यक सेवेपुरतीच चालू आहे, म्हणून पुणे-नगर रस्ता सोडून तुम्ही राळेगणसिद्धीकडं पायीच निघालात. मास्क घामानं भिजून नाकाला चिकटतोय. शेतात काढलेल्या कांद्याचे ढीग पातीखाली झाकून ठेवलेत, भरायला माणूस मिळत नाही. यादवबाबांचं मंदिर दर्शनाला बंद आहे.

आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, वेशीपाशी भेटतात. "पिशवी धरा, पण माझ्यापासनं लांब चाला," म्हणतात. पिशवीत ऑक्सिमीटर, ताप बघायची गन, पॅरासिटामॉलच्या पट्ट्या आणि कोपरे दुमडलेली वही. सकाळपासून त्यांची कितीतरी घरं झालीत, पाणी मात्र कुठंच प्यायलं नाही. कुणी देत नाही आणि त्याही मागत नाहीत.

वस्तीवर आजी पडवीत खाटेवर आहेत. रिपोर्ट पॉझिटिव्ह. तालुक्यातच भाळवणीला आमदार नीलेश लंके यांनी ११०० खाटांचं कोविड केंद्र उभं केलंय, पण आजी घर सोडायला तयार नाहीत. आशाताई ऑक्सिमीटर बोटाला लावतात. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. आयुष्यभर खुरपं धरलेलं ते बोट, कातडी जाड आणि वर गार पडलेलं. "चोळा जरा," त्या सुनेला सांगतात. सून दोन्ही तळव्यांत बोट धरून चोळत बसते. मग आकडा येतो, ९५.

"आता चला आजी, अंगणात." सहा मिनिटं चालायची चाचणी आहे, साठीच्या पुढं तीन मिनिटं चाललं तरी भागतं. आजी चुलीपासून गोठ्यापर्यंत जातात, येतात, पुन्हा जातात. तुम्ही मोबाइलवर वेळ बघताय आणि तुमचाच श्वास अडकलाय. ९४. "९३च्या खाली गेलं किंवा चालल्यावर तीनापेक्षा जास्त उतरलं, तर माझी वाट बघायची नाही. सरळ १०८ लावायचा," ताई सुनेला बजावतात.

आजींना पालथं झोपवायला शेजारची बाई पुढं होते. छातीखाली आणि पोटाखाली उशी कशी सरकवायची ते तिला बरोबर माहीत आहे. पुण्यात ती नर्सिंग ब्युरोतर्फे म्हातारी माणसं सांभाळायची, चोवीस तासांच्या ड्युटीवर. मार्च २०२० मध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली तेव्हा तिच्या बरोबरीच्या काही जणी पेशंटच्या घरातच अडकल्या. ही बाहेर राहिली, ती कायमची. काम नाही तर पैसे नाहीत. हा हिशेब सुरुवातीपासून ठरलेला होता, पण तेव्हा कुणाला तो खुपला नव्हता. तिकडं तिचा पेशंट कुणी उठवून बसवला, हे तिला आजही ठाऊक नाही.

महिनाभर पुढं या. २५ मे ला सरकार १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करतं, त्यात नगरही आहे. एका घरातलं एक माणूस आजारी पडलं की सगळंच घर आडवं होत होतं, त्यामुळं निर्णयामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण "घरीच राहा" सांगणाऱ्या आशाताईंनाच आता दारोदार जाऊन "घर सोडा" सांगायचंय. शिव्याही त्यांनीच खायच्या.

१५ जूनला राज्यातल्या जवळपास ७०,००० आशा संपावर जातात. केंद्र सरकारचा कोविडसाठीचा भत्ता महिन्याला १००० रुपये. २३ जूनला संप मिटतो तो राज्याकडून मानधनात महिन्याला १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता, एवढ्यावर. म्हणजे दिवसाला ५० रुपये जास्त. एवढ्यात कांदा काढायला बाई मिळत नाही.

ज्या गावात तुम्ही उभे आहात, तिथं १९७५ नंतर अण्णा हजारेंबरोबर लोकांनी श्रमदान करून पाणी अडवलं. अडलेलं पाणी गावातल्याच विहिरींत उतरलं. आशाताईंची मेहनत सरकारनं श्रमदानासारखीच धरून चालवली, फरक एवढाच की त्यांना कुणी विचारलं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. साथीत घरोघरची शुश्रूषा ज्यांच्या पायांवर उभी होती, त्यांना २००५ पासून स्वयंसेविका म्हणूनच ठेवलंय.

आता २२ मे २०२२. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटना भारतातल्या आशांचा गौरव करते. तुम्ही वस्तीवर ही बातमी सांगता. आजी बऱ्या झाल्यात, लसूण सोलतायत.

"बरं झालं. मग आता तिला नोकरीत घेतली का?"

"नाही आजी."

"मग मला बघायला रोज यायची ती कुणाच्या कामाला यायची?"