आईचे नाव नसलेली व्याख्या

अँग्लो-इंडियन म्हणजे साहेबाचे लाडके, असा समज माझ्या विद्यार्थ्यांत अजून आहे. पण 1791 साली कंपनीनेच ठरविले की, नेटिव्हाच्या पोटचा मुलगा आपल्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत नको. आणि 1795 पासून ज्याचे आईबाप दोघेही युरोपियन नाहीत त्याला फौजेत उरले काय? पावा, ढोल, बँड आणि घोड्यांची नालबंदी. गोऱ्यांना जात नव्हती असे कोण म्हणतो? 1830 मध्ये जॉन रिकेट्स यांनी या समाजाचा अर्ज ब्रिटिश पार्लमेंटपुढे नेला. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनाही अर्जच लिहावा लागला.

म्हणजे या मुलांना बाहेर काढले ते आईच्या रक्तामुळे. ओळख मात्र बापाची. 1935 च्या कायद्यात अँग्लो-इंडियन ठरला तो बापाच्या पुरुषवंशावरून, आणि तीच व्याख्या आपल्या घटनेच्या कलम 366 मध्ये आली. अँग्लो-इंडियन बाईने इथल्या पुरुषाशी लग्न केले तर तिचे मूल त्या व्याख्येत बसत नाही. हे मला खटकते. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींत बापाचे नाव मिळते. आईच्या जागी पुष्कळदा नुसते ‘नेटिव्ह बाई’.