एमएच ०९ ची पंधरा वर्षं

महाराष्ट्रातल्या गाड्यांचे नंबर नकाशावर लावत गेलं, तर ते मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली उतरतात. ०४ ठाणे, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. मग घाट चढून ०९ कोल्हापूर आणि तिथून वळून १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. सिंधुदुर्ग रत्नागिरीच्या आधी कसा आला, ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक. कोल्हापूरच्या वाट्याला आलेला ‘झिरो नाईन’ मात्र गावानं असा उचलला, की पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पुढं एमएच ०९ पासिंगची गाडी दिसली तरी आपला माणूस भेटल्यासारखं वाटतं.

हा नंबर तसा तरुणच. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर इथल्या मोटारी हा संस्थानचा मामला होता. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ चा आणि पुढं १९३९ चा मोटार कायदा होता, पण संस्थानांचा कारभार वेगळा. शिवाय गाड्या होत्याच किती? १९२२ ते १९४० गादीवर असलेल्या राजाराम महाराजांची मेबॅक रस्त्यानं निघाली, तर ती कुणाची हे कळायला पाटी वाचावी लागत नसे. तीच केशरी मेबॅक आजही दसऱ्याला छत्रपतींना घेऊन सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते.

विलीनीकरणानंतर १९३९ चा कायदा आणि त्याची कागदपत्रं कोल्हापुरालाही लागू झाली. १९६० नंतर ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन इंग्रजी अक्षरांच्या पाट्या आल्या. खाजगी गाडीचा नंबर एकदा पडला की पडला. ट्रक, बस, टॅक्सीला फिटनेससाठी पुन्हापुन्हा जावं लागे. घरच्या फियाटचं किंवा राजदूतचं नोंदणीपुस्तक मात्र एकदा कपाटात गेलं, की गाडी विकेपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे.

१ जुलै १९८९ ला हे बदललं. त्या दिवशी १९८८ चा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि त्याच्या ४१ व्या कलमानं खाजगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत घातली. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गोम होती ती वेगळीच: ही मुदत कायद्यानंतरच्याच नव्हे, तर आधी झालेल्या नोंदण्यांनाही लावली होती. म्हणजे १९७४ च्या आधी घेतलेली जीप आदल्या रात्रीपर्यंत निर्धास्त होती आणि सकाळी मुदत संपलेली झाली. एमएच आणि जिल्ह्याच्या आकड्याची नवी पद्धतही याच सुमारास आली. कोल्हापूरला ०९ मिळाला आणि त्याबरोबर गाडीचं वय मोजणारी दिनदर्शिकाही.

कोल्हापुरात ही दिनदर्शिका कुणाला चटकन पटणारी नव्हती. शिवाजी उद्यमनगरात इंजिनं उघडणारी, सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून देणारी माणसं बसलेली. कारखान्यांना लागणारं ओतकाम, शेतीची ऑईल इंजिनं यांवर वाढलेल्या या वस्तीत पंधरा वर्षांची गाडी म्हणजे नुकतं रिंग-पिस्टन बदलायच्या वयात आलेलं यंत्र. गाडी म्हातारी झाली की नाही, हे मेस्त्री आवाजावरून सांगे. कायदा तारखेवरून सांगू लागला.

याचा खरा हिशेब २००४-०५ च्या सुमारास सुरू झाला असणार, कारण १९८९-९० च्या गाड्यांची पंधरा वर्षं तेव्हा भरली. त्यात बजाजच्या एम-८० होत्या. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पहाटे डेअरीकडं जाणारी ही गाडी करवीर, कागल, राधानगरीच्या रस्त्यांवर कुणी पाहिली नाही? १९६३ मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाच्या या जिल्ह्यात तिला निवृत्ती नव्हती. तिचा मालक रिपासिंगला, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाला आला, तो बहुधा पोलिसानं अडवल्यावर किंवा विम्याच्या वेळी.

रिपासिंगच्या कामाचा थाट अजूनही फारसा बदललेला नाही. फॉर्म २५, विमा, पीयूसी, आणि चेसिसचा छापा. तो घेण्यात एक कसब आहे. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि चिखल रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढायचं, कोरलेला नंबर शिसपेन्सिलीनं काळा करायचा, त्यावर सेलोटेप अंगठ्यानं दाबून बसवायची आणि हलक्या हातानं सोलून फॉर्मवर चिकटवायची. एखादा आकडा गंजानं खाल्लेला असला की एजंटचा चेहरा उतरतो, कारण मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहताना आधी तोच ताडून बघतो. अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करायचा, असा नियम. प्रत्यक्षात तो मुदत उलटून गेल्यावरच आठवतो, हा भाग वेगळा.

पैशाचं म्हणाल, तर तो चढतच गेला. २०१० मध्ये राज्यानं पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना पर्यावरण कर लावला. तेव्हा दुचाकीला पाच वर्षांचे २,००० रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रानं नूतनीकरणाची फी दुचाकीसाठी ३०० वरून १,००० आणि मोटारीसाठी ६०० वरून ५,००० केली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी ती २,००० आणि १०,००० झाली. एम-८० च्या मालकानं कर आणि फीची बेरीज केली, तर ती भंगारवाल्याच्या भावाशी ताडून पाहावी लागेल. सरकारचा हेतू तोच असावा. जुनी गाडी धूर करते हे खरंच. पण गावाकडं तिच्या जागी नवी येत नाही, तीच बिनकागदाची फिरते, हेही दिसत असतं.

गंमत अशी, की पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी वेगळा मान दिला. तिला ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. मात्र रोजच्या वापराला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानंच.

सीमाभागात तर साधी नोंदणीही आणखी अडचणीची. कागल ओलांडून कोगनोळीच्या पुढं निपाणीत गेलं, की पाट्या चिक्कोडीच्या केए २३ च्या होतात. बाजार, दवाखाना, सोयरीक मात्र कोल्हापूरशी. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची, तर ना-हरकत दाखला आणून ती नव्यानं नोंदवावी लागते. निपाणीच्या पोराला कोल्हापुरात नोकरी लागली की हा कायदा पहिल्यांदा कळतो.

आता पाटीच बदलते आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना राज्यानं उच्च सुरक्षा पाटी सक्तीची केली. दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. मुदतवाढी मिळत मिळत तिची मुदत २०२५ च्या अखेरीपर्यंत गेली. इंग्रजी ४१४१ ला वळणं देऊन ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ करणाऱ्या पेंटरांची कला यात बसत नाही. शिक्का सरकारी, अक्षरं ठोकळेबाज. तरी आवडीच्या आकड्याचा सोस गेलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ साठीचं शुल्क किमान पाच लाख झालं, तरी नवी मालिका उघडली की मागणी असतेच. आकडा हवा तो मिळतो. पेंटरनं त्याला दिलेली वेलांटी तेवढी आता नियमात बसत नाही.